धुक्यातली शिंगं

सांबर आमच्यापासून चाळीस पावलांवर उभं होतं आणि तात्यांनी मला कुजबुजत विचारलं, "आलं का गं?"

"न्हाय," मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली. दुनळी बंदूक त्यांच्या मांडीवर होती, बोट घोड्याशी. माझा हात त्यांच्या खांद्यावर. आमचं ठरलेलं होतं. मी खांदा एकदा दाबला की जनावर आलं. मग त्यांनी बंदूक उचलायची, मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून नळीवरून बघायचं, कोपराला धरून नळी डावी-उजवी करायची, आणि नेम बसला की त्यांच्या पाठीवर मूठ टेकवायची. मूठ टेकली की बार.

मी खांदा दाबला नाही. सांबर घळीच्या पलीकडच्या उतारावर, हिरड्याच्या झाडाखाली उभं होतं. काळपट तपकिरी, गळ्याभोवती राठ केसांची झालर, आणि डोक्यावर हाताएवढी लांब, गाठाळ शिंगं. ते हलत नव्हतं. बराच वेळ आमच्या आडोशाकडं बघत राहिलं आणि मग चढ चढून गेलं. वाळलेल्या पानांवरून एवढं मोठं धूड गेलं, पण पान वाजलं नाही. फक्त डावा पुढचा पाय टेकताना खर्र असा बारीक आवाज व्हायचा. त्या खुराला खोट होती.

"उठूया," तात्या म्हणाले. "आज काय येत न्हाय ते."

त्यांनी घोडा उतरवला. मी त्यांचा हात धरला, म्हणजे गावाला वाटावं की म्हाताऱ्याने पोरीला चढावर आधार दिलाय.

ती आठवी सकाळ होती, आणि आठही वेळा मी खोटं बोलले होते.

आता मी ऐंशीच्या घरात आहे. हे सगळं घडलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं गाव पाटणच्या पलीकडं, डोंगराच्या अंगावर चिकटलेलं. खाली नुकतंच धरण भरलं होतं आणि अर्धं खोरं पाण्यात गेलं होतं. त्या काळी शिकारीचे परवाने मिळत, आणि तात्यांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, परवाना होता, बंदूक होती आणि मान होता. मान म्हणजे असा: शिमग्याच्या पुनवेआधी आमच्या गावात एक शिंगाळ सांबर मारायचं, शिंगं देवळाच्या दारावर लावायची. ते मारायचा पहिला हक्क आमच्या घराचा. तात्यांनी एकट्याने जनावर आणलं तर उत्तम. नाही आणलं, तर सगळ्या गावाने रान उठवायचं, हाकाऱ्यांनी ओरडत जनावर पुढं काढायचं, आणि तेव्हाही पहिला बार तात्यांचा. त्यांचा बार होईपर्यंत दुसऱ्या कुणी बंदूक उचलायची नाही.

आणि तात्यांना दिसत नव्हतं. काचबिंदू. साताऱ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की गेली ती नजर गेली. उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बाकी नाही. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि पलटणीतल्या माझ्या भावाला पत्रातून कळवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात तात्या पावलं मोजून चालायचे. चौकटीपासून न्हाणीपर्यंत अकरा. चावडीत कुणी बोललं की आवाजाकडं तोंड करून अशा ऐटीत मान डोलवायचे, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आरपार बघतोय.

वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. म्हणजे तात्यांचे डोळे वैशाखात सासरी जाणार होते. त्यांना त्याआधी एक जनावर हवं होतं, शेवटचं, आणि मी नाही कसं म्हणणार? बंदूक घेऊन फिरणारी पोर म्हणून बायका पाणवठ्यावर मला बोलायच्या. बोलोत. मला त्यांच्यापेक्षा रान आवडायचं.

रान मला तात्यांनीच वाचायला शिकवलं होतं. "थंडी सरताना मोठं नर एकलं ऱ्हातं," ते सांगायचे. "मार्गेसर, पौष माद्यांच्या मागं पळून पळून झिजतं. बरगड्या दिसाय लागत्यात. मग ते कळप सोडतं. मोकळ्यावर याचं नाव न्हाय. एक घळ धरतं, जिथं पाणी हाय, दाट हाय, हिरडा-आवळा गळतोय. सकाळी उगवतीच्या उतारावर जाऊन बसतं, ऊन पयलं तिथं पडतं म्हणून. आन् बसताना वारा पाठीवर घेतं. पाठीमागचं नाकानं कळतं, म्होरचं डोळ्यानं. अशा जनावराला शोधायचं न्हाय, पोरी. त्याच्या आधी जाऊन बसायचं."

"आन् शिंगं कवा टाकतं?"

"फाल्गुन निम्मा सरला की. एक आज, एक उद्या. टाकली की लाज वाटल्यागत दडून बसतं."

ती घळ मीच शोधली. ओल्या मातीत डाव्या खुराचा फरपटलेला ठसा होता, आणि आईनाच्या झाडावर माझ्या डोक्याच्या उंचीवर साल घासून काढली होती. तात्यांनी त्या खोडावरून तळवा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "थोराड हाय," एवढंच म्हणाले.

मग मी खोटं का बोलले? पहिल्या सकाळी भीतीने. नळी माझ्या हातात, घोडा त्यांच्या हातात, मधे अंधार. हुकलं तर तात्यांना कायमचं कळणार होतं की आपण संपलो. जखमी होऊन गेलं तर आंधळ्या माणसाला घेऊन मी रक्ताचा माग काढत कुठं जाणार होते? दुसऱ्या सकाळीही तेच. तिसऱ्या सकाळपासून मात्र खरं सांगते, त्या सांबराची मला भीती वाटायला लागली. ते यायचं, उभं राहायचं, आडोशाकडं बघायचं. रानातलं जनावर असं बघत नाही. संशय आला की ते पाय आपटतं, ओरडतं, पळतं. हे नुसतं बघायचं, आणि तात्या त्याच्याकडं तोंड करून बसलेले असायचे, दगडासारखे. दोघांच्या मधे मी. मला वाटायचं, हे काहीतरी माझ्यावाचून चाललंय.

आठव्या सकाळी आम्ही घरी आलो तर रंगराव काका ओसरीवर बसले होते. तात्यांचे चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण मानावर डोळा ठेवून होता.

"दादा, पुनव चार दिसांवर आली," ते म्हणाले. "जनावर न्हाय?"

"हाय. येईल."

"न्हाय आलं तर परवा हाका घालूया. चाळीस माणसं सांगून ठिवल्यात. पोरंठोरंबी येतो म्हणत्यात. पयला बार तुमचाच की."

"माझाच," तात्या म्हणाले आणि उजवीकडच्या भिंतीकडं बघून हसले. काका डावीकडं बसले होते.

काकांनी ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही. पण मला तो हाका डोळ्यांपुढं दिसायला लागला. चाळीस माणसं, करवंदीच्या जाळ्यांतून ओरडत पुढं येणारी, आणि समोर घोड्यावर बोट ठेवून बसलेला आंधळा माणूस. तिथं मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बसू शकले नसते. सगळा गाव बघत असता. आणि "मला दिसत नाही" असं तात्या मरेपर्यंत म्हणणार नव्हते.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी ठरवलं. उद्या खरं सांगायचं. सांबर मरू दे, पण हाका होता कामा नये.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या बेताला आम्ही आडोशात बसलो. कारवीच्या काटक्यांचा तो कूड मीच बांधला होता, मागं एक मोठी धोंड. त्या सकाळी धुकं होतं. आमच्याकडं आधी फाल्गुनात असं धुकं नसायचं. धरण भरल्यापासून पाणी पहाटे वाफाळायचं आणि ती वाफ घळींतून वर चढायची. खालून भरत भरत ती आमच्या छातीपर्यंत आली आणि तिथं थांबली. घळ दुधाने भरावी तशी. पलीकडचा हिरडा कमरेपासून वर दिसत होता.

पाखरू ओरडत नव्हतं. पाण्याचा थेंब कुठं पडत असेल तर तोही ऐकू येत नव्हता.

"वारा कुटनं हाय?" तात्यांनी विचारलं.

"वाराच न्हाय."

त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी मान तिरकी केली, कोंबडी करते तशी, आणि ऐकत बसले.

मग मला शिंगं दिसली.

नुसती शिंगं. धुक्याच्या वर, हिरड्याच्या डाव्या अंगाला. खाली डोकं नाही, मान नाही, अंग नाही. ती दोन्ही शिंगं पांढऱ्या धुक्यावरून सावकाश पुढं सरकत होती. मी ओळखली. उजव्या शिंगाचं टोक मोडलेलं होतं. आठ दिवस मी ते बघत होते.

 मी तात्यांचा खांदा दाबला.

तात्या दचकले. त्यांनी वळून माझ्याकडं तोंड केलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते.

"हाय?"

"हाय. शिंगं हायत."

त्यांनी बंदूक उचलली. मी हनुवटी टेकली, कोपर धरलं, नळी डावीकडं घेतली. शिंगं थांबली. मग पुन्हा निघाली, आमच्याकडंच. धुकं जरा हललं आणि त्या शिंगांखाली काळपट तपकिरी पाठ दिसली, राठ, ओली. शिंगांच्या खाली दीड हात नळी नेली की छाती. मी नेली. माझं काळीज इतकं वाजत होतं की दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

मी मूठ त्यांच्या पाठीवर टेकवली.

बार झाला नाही.

मी पुन्हा मूठ दाबली. तात्यांची पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. त्यांनी अगदी हळू विचारलं, "हौसा, तुला म्होरं दिसतंय ते?"

"व्हय, तात्या. मारा. तीस पावलांवर हाय."

"मग आपल्या मागं काय हाय?"

आणि मी ऐकलं. आमच्या पाठीमागच्या धोंडेपलीकडं, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, वाळल्या पानांवर खर्र.

मला मान वळवता येईना. तात्यांनी नळी आभाळाकडं केली आणि घोडे उतरवले. तोच मागं खूर आपटला आणि ढॉंक असा आवाज झाला, माझ्या मानेवर श्वास लागावा इतक्या जवळून. साऱ्या घळीत तो घुमला. मी ओरडत वळले.

सांबर धोंडेवरून आमच्याकडं बघत होतं. तेच, गळ्याभोवतीची तीच झालर. पण त्याचं डोकं बोडकं होतं. शिंगांच्या जागी रुपयाएवढ्या दोन लाल चकत्या होत्या, आणि एकीतून रक्ताचा ओघळ डोळ्याच्या कडेने खाली आला होता. ते मागं वळलं आणि धुक्यात गेलं.

त्याची शिंगं मात्र अजून पुढून चालत येत होती.

"कोण हाय?" तात्या गरजले.

उत्तर नाही. शिंगं थबकली नाहीत की पळाली नाहीत. ती आमच्या आडोशापर्यंत आली आणि तेव्हा धुक्यातून एक माणूस वर आला. डोक्यावर काळ्या घोंगडीची खोळ, खोळीवर दोन्ही हातांनी धरलेली शिंगं, टोकं वर. वरच्या धनगरवाड्यावरचा बमू झोरे. आमच्याकडं लोणी घालायला यायचा. त्याने माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. एक शब्द न बोलता तो आमच्या पुढून गेला आणि घळीच्या वरच्या अंगाला, जिथं रानदेवाची शेंदूर लावलेली धोंड होती, तिकडं दिसेनासा झाला.

 तात्यांनी फक्त विचारलं, "कोण?"

"बमूबाबा," मी म्हणाले. "तात्या, बमूबाबा. शिंगं डोक्यावर घेऊन."

 तात्यांनी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं बाहेर काढली आणि माझ्या ओच्यात टाकली.

थोड्या वेळाने बमू परत आला, रिकाम्या हाताने. आमच्या शेजारी उकिडवा बसला आणि कुठल्यातरी बाजारात भेटावं तसा तात्यांना म्हणाला, "पान असंल तर द्या जरा."

तात्यांनी चंची पुढं केली. बमूने चुना मळला.

"काल रातीच टाकली बगा त्यानं," तो म्हणाला. "म्हातारं नर हाय, म्हाताऱ्याची लवकर गळत्यात. आमच्या घरची रीत हाय. गळलेली जोडी घावली की भुईला लावायची न्हाय, डोक्यावर घ्यायची, देवाच्या धोंडंवर ठिवंस्तोवर वाचा धरायची. बोललं की पुढल्या साली जनावर बोडकंच ऱ्हातंय म्हणत्यात. म्हणून तुम्ही साद घातली तरी ओ दिली न्हाय. राग मानू नगासा."

"तुला बंदूक दिसली व्हती?" तात्यांनी विचारलं.

"दिसली की. लांबनंच दिसली. नळी माज्याकडंच व्हती."

"मग आडवा का झाला न्हाईस? पळाला का न्हाईस?"

बमू हसला. तोंडात चार दात, पण हसू मोठं. "आवं, दुसरा कोण असता तर पळालो असतो. तात्या बसल्यात म्हणल्यावर कशापायी भ्यायचं? तुमच्या नजरंला सांबर कुठलं आन् बमू कुठला, ह्ये कळत न्हाय व्हय?"

तो पान तोंडात टाकून निघून गेला. धुकं फाटत होतं आणि समोरच्या उतारावर पहिलं ऊन पडलं होतं. तिथं काही नव्हतं.

मला रडू फुटलं. तोंडात पदराचा बोळा कोंबून मी रडले. एका मुठीने मी बमूबाबाला मारलं असतं, आणि तोही तात्यांच्या हातून. तात्या शेजारी बसून राहिले. मग त्यांनी हात चाचपत माझ्या डोक्यावर ठेवला.

"आठ येळा तू न्हाय म्हणालीस," ते म्हणाले. "तवा व्हतं. आज हाय म्हणालीस, आन् न्हवतं."

माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं.

"तुमाला ठाऊक व्हतं?"

"डोळं गेल्यात. कान जाग्यावर हायत. त्याचा डावा पाय मी पयल्याच दिशी ऐकला. त्याचा वास यायचा मला, पोरी. ते उभं ऱ्हायचं, आन् तुजा हात माज्या खांद्यावर थंड पडायचा."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? तू भ्याली हुतीस माज्यासाठी. तुजं खरं करायला मी रोज घोडा उतरवायचो. पण मला वाटायचं, पोरगी एक दिवस हाय म्हणंल." त्यांनी मागच्या धोंडेकडं तोंड वळवलं. "आज म्हणालीस. तवाच मला कळलं, म्होरं जे हाय ते सांबर न्हवं. कारण त्ये माज्या मागं उभं व्हतं. मघापास्नं."

घरी जाताना त्यांनी आधाराचं सोंग केलं नाही. माझा हात धरून, पाय चाचपत, सगळ्या गावादेखत ते चावडीवर आले. रंगराव काका तिथंच होते. तात्यांनी बंदूक पुढं धरली, आवाजाच्या अंदाजाने, बरोबर काकांच्या समोर.

"घे रंगा," ते म्हणाले. "मान आता तुजा. मला दोन वर्सं झाली दिसत न्हाय."

काकांनी बंदूक दोन्ही हातांनी घेतली. आयुष्यभर ज्या मानाकडं डोळे लावून बसला, तो हातात आल्यावर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आई घरात म्हणाली आणि चूल फुंकत बसली. त्या साली हाका झाला, पण बोडक्या सांबरावर बार टाकायची गावाची रीत नव्हती. माणसं रिकाम्या हाताने परत आली. देवळाच्या दारावर जागा मोकळी राहिली.

चावडीवरून आलो त्या संध्याकाळी तात्या ओसरीवर बसले होते. मी तांदूळ निवडत होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आता सांग," ते म्हणाले.

"काय?"

"आठ सकाळी तुला काय काय दिसलं ते. एकबी सोडू नगंस."

मग मी सांगितलं. पहिल्या दिवशी ते कुठनं उतरलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर दव कसं होतं, चौथ्या दिवशी हिरड्याखाली कान कसे फडकावले, शिंगाचं टोक कसं मोडलं होतं. तात्या डोळे मिटून ऐकत होते. कधी मान हलवायचे, कधी "व्हय, ते ऐकलं मी" म्हणायचे. आठवी सकाळ संपली तेव्हा सूपभर तांदूळ तसेच पडले होते.

"आन् उभं ऱ्हायलं की काय करायचं?" त्यांनी विचारलं. "तुज्याकडं बघायचं?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. इतके दिवस जी भीती मला नाव घेऊन सांगता येत नव्हती, ती तेव्हा समोर आली.

"माज्याकडं न्हाय, तात्या," मी म्हणाले. "कवाच न्हाय. ते तुमच्याकडंच बघायचं."

तात्यांनी मान हलवली. "मला वाटलंच," ते म्हणाले आणि आपले न दिसणारे डोळे उघडून घळीच्या बाजूला बघत बसले.